पासओव्हर या सणाच्या रात्रीच्या जेवणात ज्यू लोक लहान मुलांनाच प्रश्न का विचारायला लावतात?

कारण त्या रात्रीचा मेन हेतूच आपले पूर्वज इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याची गोष्ट पुढच्या पिढीला सांगणं हा आहे, आणि मूल स्वतः विचारतं तेव्हा उत्तर मनापासून ऐकतं. मुलाला सांग ही आज्ञा तोराह या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातच आहे (निर्गम १३:८) आणि मिश्ना या जुन्या नियमग्रंथात म्हटलंय की मुलाला विचारता येत नसेल तर बापाने शिकवावं, म्हणून आज रात्री फक्त बिनखमिराची भाकरीच का, कडू पाला का, असे प्रश्न बहुतेक घरांत सगळ्यात लहान मूल गाऊन विचारतं. मात्साचा, म्हणजे त्याच बिनखमिराच्या भाकरीचा, तुकडा लपवून शोधायला लावतात तेही पोरं जागी राहावीत म्हणून, मला ही फार सुंदर पद्धत वाटते. फक्त हे निव्वळ मुलांचं काम नाही हां, घरात विचारणारं मूल नसेल तर बायको विचारते आणि माणूस एकटाच असेल तर त्याने स्वतःलाच विचारायचं, असं तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ, सांगतं.