ब्लूटूथ हेडसेट फोनवर छान चालतो, पीसीवर आवाज तुटतो आणि मीटिंगमध्ये डब्यातून आल्यासारखा येतो. ड्रायव्हर तीनदा टाकून झाला. नवीन हेडसेट घ्यावा का?

नका घेऊ. फोनवर छान चालतोय म्हणजे हेडसेट धड आहे. आणि तीनदा टाकून जे झालं नाही, ते चौथ्यांदा ड्रायव्हर टाकून होणार नाही. "ड्रायव्हर पुन्हा टाका" हे उत्तर लोकांना आवडतं, कारण त्यासाठी कुणाला टेबलाखाली वाकावं लागत नाही. तुम्ही मात्र वाका.

ब्लूटूथचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायची ती छोटी कांडी, कॅबिनेटच्या मागे निळ्या यूएसबी 3.0 पोर्टांच्या गर्दीत खोचलाय का? शेजारी बाहेरची हार्ड डिस्क आहे का? ब्लूटूथ 2402 ते 2480 मेगाहर्ट्झमध्ये चालतं. यूएसबी 3.0 चा डेटा धावत असताना पोर्ट, प्लग आणि केबलमधून नेमका त्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट सांडतो. इंटेलने हे 2012 मध्येच मोजून मांडलं होतं, तरी अजून लोक हेडसेटलाच शिव्या घालतात. ब्लूटूथ सेकंदाला 1600 वेळांपर्यंत चॅनल बदलतं आणि वाईट चॅनल टाळतं, म्हणून वायफायला बऱ्यापैकी हुलकावणी देतं. हा गोंगाट मात्र सगळ्याच 79 चॅनलवर पसरलेला असतो, पळणार कुठे?

खात्री करायची असेल तर गाणं लावा आणि त्या डिस्कवर चार-पाच जीबीची फाईल कॉपी करा. कॉपी सुरू होताच आवाज तुटला आणि संपताच सुधारला, तर चोर सापडला. एक मीटरची साधी यूएसबी 2.0 एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर, मॉनिटरच्या बाजूला आणा. कॅबिनेटचा पत्राही मधून दूर होतो.

ब्लूटूथ मदरबोर्डवरचंच असेल तर मागचे वायफायचे दोन अँटेना लावलेत का बघा. "माझं नेट तर केबलवर आहे" म्हणून ते खोक्यातच ठेवणारे कितीतरी असतात. ब्लूटूथही त्याच अँटेनावर चालतं. ते नसतील तर हेडसेट हातभर अंतरावरही अडखळतो. डोंगल आणि बोर्डवरचं ब्लूटूथ दोन्ही असतील तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून बोर्डवरचं डिसेबल करा, मग हेडसेट काढून पुन्हा पेअर करा.

मीटिंगमधला डबा हा बिघाडच नाही. हेडसेटचा माइक सुरू झाला की विंडोज स्टिरिओ सोडून हँड्स-फ्री प्रोफाइलवर, म्हणजे ब्लूटूथच्या फोन कॉलसाठीच्या पद्धतीवर जातं. तिथे मोनो आवाज, तोही 8 किंवा 16 किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचा. मीटिंगच्या ॲपमध्ये माइक म्हणून वेबकॅमचा किंवा तारेचा निवडा, कानातला आवाज लगेच मोकळा होतो. "ब्लूटूथ 5.3 चा डोंगल घ्या, सगळं सुटेल" म्हणणाऱ्यांनी हे जरा वाचावं. आकडा वाढला म्हणून हँड्स-फ्री प्रोफाइल बदलत नाही. दोन्ही बाजूंना एलई ऑडिओ (ब्लूटूथवर आवाज पाठवायची नवी पद्धत) असेल तर गोष्ट वेगळी, पण तो आकड्यावरून नाही, खोक्यावर तसं लिहिलंय का यावरून ठरतो.

हे सगळं आवाज तुटण्याबद्दल झालं. कनेक्शनच पूर्ण जात असेल तर आधी फोनचं ब्लूटूथ बंद करून बघा. दोन्हीकडे जोडलेला हेडसेट नोटिफिकेशन आलं की तिकडे पळतो. तरी गेलंच, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ॲडॉप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला डिव्हाइस बंद करू देणारी टिक काढा.