पाठीवर सॅक आणि मुक्काम कोर्दोबा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : प्रवास

स्पेनमधील एखादे ऐतिहासिक शहर कमी पैशांत, पाठीवर सॅक टाकून कसे पाहता येईल, याविषयी गोव्यातील वाचकांनी पाठवलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे या अंकात देत आहोत. बऱ्याच पत्रांत कोर्दोबाचा उल्लेख असल्याने उत्तरेही प्रामुख्याने त्याच शहराविषयी आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र फोंड्याला नोकरी करतो. मे महिन्यात बारा दिवसांची रजा मिळण्यासारखी आहे. माद्रिद, बार्सिलोना, ग्रानादा, सेव्हिल आणि कोर्दोबा अशी पाच शहरे यादीत आहेत, पण खर्चाचा मेळ काही केल्या बसत नाही. कशात काटकसर करावी?
– वाचक, फोंडा

उत्तर : आपण शहरांच्या संख्येत काटकसर करावी. जेवणात आणि झोपेत केलेली काटकसर तिसऱ्या दिवशी अंगावर येते, पण यादीतून दोन शहरे वगळल्याने प्रवासाचे काही बिघडत नाही. शहर बदलण्याच्या प्रत्येक दिवशी रेल्वे किंवा बसचे भाडे जाते, सॅक ठेवायला जागा शोधावी लागते, नवे हॉस्टेल दुपारनंतरच खोली देते आणि त्या धावपळीत मिळेल तिथे, मिळेल त्या भावाने खाल्ले जाते. बार्सिलोना तर इतर चार शहरांपासून पुष्कळ दूर आहे. ते या खेपेस पूर्णपणे सोडून द्यावे. माद्रिदला विमानाने उतरून एक-दोन रात्री राहावे, कोर्दोबात सलग चार रात्री काढाव्यात आणि उरलेले दिवस ग्रानादा किंवा सेव्हिल यांपैकी एकाला द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

माद्रिद ते कोर्दोबा वेगवान रेल्वेने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. या मार्गावर आता सरकारी रेनफेबरोबर इतर कंपन्यांच्याही गाड्या धावतात, त्यामुळे काही आठवडे आधी तिकीट काढल्यास भाडे बरेच कमी पडते; आयत्या वेळी तेच तिकीट दुप्पट-तिप्पट होऊ शकते. कोर्दोबाचे रेल्वे स्थानक आणि बसस्थानक समोरासमोर आहेत आणि तेथून जुन्या शहरात वीस-पंचवीस मिनिटांत चालत पोहोचता येते. शहरात पोहोचल्यावर वाहनाचा खर्च जवळजवळ नाहीच, कारण पाहण्यासारखे बहुतेक सारे पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे.

हिशेबासाठी एका युरोला साधारण १०० रुपये धरावेत. हॉस्टेलच्या सामाईक खोलीतील खाटेला एरवी २० ते ३० युरो, दोन वेळच्या जेवणाला आणि न्याहारीला मिळून २० ते २५ युरो आणि तिकिटांसाठी थोडी शिल्लक, असे दिवसाला माणशी ५० ते ६० युरो कोर्दोबासाठी पुरतात. मात्र मेच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे अंगणांचा उत्सव असतो आणि खाटांचे दर कितीतरी वर जातात. ते दिवस गाठायचे असतील तर खोली आधी आणि विमानाचे तिकीट नंतर, असाच क्रम ठेवावा.

प्रश्न : कोर्दोबाच्या मेस्कितेचे (जुन्या मशिदीचे, आताच्या कॅथेड्रलचे) तिकीट विद्यार्थ्याला महागच वाटते. बाहेरून पाहून समाधान मानावे का? आत नेमके काय पाहायचे?
– वाचक, म्हापसा

उत्तर : बाहेरून पाहून परत फिरू नये. सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ या वेळेत आत विनामूल्य प्रवेश दिला जातो. गटांना तो नसतो आणि वेळ संपत आली की रखवालदार सर्वांना नम्रपणे बाहेर काढतात. धार्मिक विधींमुळे क्वचित ही वेळ बदलते, म्हणून आदल्या दिवशी मेस्कितेच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. कोर्दोबात अनेक रात्री राहा, असे मी सांगतो त्याचे मोठे कारण हा एक तास आहे. चार सकाळी हाताशी असतील तर ही वास्तू दोनदा, तीनदाही पाहता येते, आणि ती एकदाच पाहून कळण्यासारखी नाही. नारिंगाच्या झाडांचे बाहेरचे प्रांगण तर दिवसाही विनामूल्य खुले असते. तिथली नारिंगे कडू असतात, हे आपले जाता जाता सांगून ठेवतो.

आता आत काय पाहावे याविषयी. कोर्दोबाचा तेव्हाचा मुस्लिम अमीर अब्द अल्-रहमान पहिला याने इ. स. ७८५ च्या सुमारास ही मशीद बांधायला घेतली आणि पुढील दोनशे वर्षांत तिची तीन वेळा मोठी वाढ झाली. आज आत ८५० हून अधिक खांब उभे आहेत. सुरुवातीच्या भागातले खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले आहेत. ते आखूड पडले, तेव्हा कारागिरांनी खांबांवर दुसरे चौकोनी खांब चढवले आणि ते डळमळू नयेत म्हणून खालच्या बाजूला कमानींनी एकमेकांना जखडले. छताचा भार वरच्या कमानींनी पेलला. लाल विटा आणि पांढरा दगड आलटून पालटून बसवलेल्या ज्या दुहेरी कमानींचे छायाचित्र आपण सर्वत्र पाहतो, त्या अशा अडचणीतून जन्माला आल्या आहेत. एखाद्या खांबाशी उकिडवे बसून त्याची बैठक पाहावी आणि मग शेजारच्याची पाहावी. एक जमिनीत खोल गेलेला, तर दुसरा वर उचललेला दिसतो आणि प्रत्येकाचा माथा वेगळ्या हाताने घडवलेला आढळतो. तेथून दहाव्या शतकाच्या अखेरीस वाढवलेल्या पूर्वेकडच्या भागात जावे. तिथे कमानींचे लाल पट्टे जवळून पाहिले तर त्यांत वीट नाही, दगडावर नुसता रंग दिला आहे, हे ध्यानात येते. घाईने फिरणाऱ्या पर्यटकाला हा फरक सहसा दिसत नाही.

दुसऱ्या सकाळी मिहराब, म्हणजे प्रार्थनेची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा पाहावा. दहाव्या शतकात खलीफा अल्-हकम दुसरा याच्या काळात तो घडला. त्याच्या भोवतालचे सोनेरी नक्षीकाम काचेच्या बारीक तुकड्यांचे आहे आणि त्यासाठी बायझंटाइन सम्राटाने कारागीर व साहित्य पाठवले होते, असे जुन्या बखरकारांनी नोंदवले आहे. त्यानंतर वळून मध्यभागी उभ्या असलेल्या कॅथेड्रलकडे यावे. १२३६ मध्ये ख्रिस्ती राजा फर्नांदो तिसरा याने शहर जिंकले आणि मशिदीचे चर्च झाले. पण इमारत बरीचशी तशीच राहिली होती. १५२३ मध्ये बिशपने मधले खांब पाडून उंच कॅथेड्रल उभारायचे ठरवले, तेव्हा त्याला ख्रिस्ती नगरसभेनेच विरोध केला आणि पाडकामाला हात लावणाऱ्यास देहदंड देण्याची दवंडी पिटवली. शेवटी सम्राट पाचवा कार्लोस याने बिशपच्या बाजूने कौल दिला. ज्यांच्या धर्माची ती मशीद नव्हती, त्यांनी केवळ ती आपल्या गावाची वास्तू म्हणून तिच्यासाठी उभे राहावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पोर्तुगीज राजवटीत कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला का गेली, हे घराघरांत ऐकत वाढलेल्या गोमंतकीय माणसाने त्या खांबांच्या मध्ये उभे राहून हा इतिहास आठवावा, असे मनापासून सांगावेसे वाटते.

प्रश्न : आमच्या जुन्या घराला राजांगण आहे. कोर्दोबातील घरांनाही तशीच अंगणे असतात, असे ऐकले. ती आम्हांला पाहता येतील का? पैसे पडतात का?
– वाचक, मडगाव

उत्तर : अवश्य पाहता येतील. मेच्या पहिल्या पंधरवड्याच्या सुमारास अंगणांचा उत्सव भरतो आणि रहिवासी आपली घरे लोकांना विनामूल्य उघडी करतात. या अंगणांची पहिली स्पर्धा १९२१ मध्ये झाली आणि २०१२ मध्ये युनेस्कोने या परंपरेची अमूर्त वारशात नोंद केली. आपल्या राजांगणात मधोमध तुळस आणि वरून कोसळणारा पाऊस, तर तिथे मधोमध विहीर किंवा कारंजे आणि चारी बाजूंच्या पांढऱ्या भिंतींवर छतापर्यंत टांगलेल्या जिरेनियमच्या कुंड्या. त्या उंचावरच्या कुंड्यांना पाणी घालण्यासाठी लांब वेताच्या किंवा बांबूच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधतात. घरातली बाई खाली उभी राहून तो डबा भरते, काठी उंचावते आणि मनगटाच्या एका हलक्या वळणाने थेंबही न सांडता वरच्या कुंडीत पाणी ओतते. उन्हाळ्यात हे काम रोज, शेकडो कुंड्यांसाठी करावे लागते. अंगण थंड राहण्याचे रहस्यही हेच आहे, कारण ओल्या माती-पानांतून पाणी उडून जाताना हवा गार करते आणि उंच भिंती ऊन खाली उतरू देत नाहीत.

आल्कासार राजवाड्याजवळच्या सान बासिलिओ वस्तीत ही अंगणे दाटीने आहेत, त्यामुळे तिथे रांगाही मोठ्या लागतात. सांता मारिना आणि सान आगुस्तीन या भागांत तुलनेने निवांतपणे पाहता येते. अंगणे दुपारी बंद असतात. ही लोकांची राहती घरे आहेत, म्हणून सॅक हॉस्टेलवर ठेवून जावे, कुंड्यांना धक्का लागू देऊ नये आणि दाराशी देणगीची थाळी दिसली तर एखादा युरो जरूर टाकावा. मेमध्ये जाणे जमले नाही, तर व्हियाना महालातील १२ अंगणे तिकीट काढून वर्षभर पाहता येतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नये. २०२१ च्या ऑगस्टमध्ये याच प्रांतात ४७ अंशांहून अधिक तापमान नोंदले गेले होते. हवा कोरडी असल्याने आपल्याला सवयीचा घाम अंगावर दिसत नाही आणि शरीरातले पाणी कमी होत असल्याचे उशिरा लक्षात येते.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. उपाशी राहावे लागेल का?
– वाचक, डिचोली

उत्तर : मुळीच नाही, पण सांगून-विचारून खावे लागेल. टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल एकत्र वाटून केलेले दाट, थंड साल्मोरेहो ही कोर्दोबाची खासियत आहे. त्यावर उकडलेले अंडे आणि डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे भुरभुरतात, म्हणून मागवतानाच ‘सिन हामोन, सिन उएव्हो’ असे सांगावे. वांग्याचे काप तळून त्यावर काकवीसारखा उसाचा पाक घालतात, तो पदार्थ जवळपास सगळीकडे मिळतो. अंडे चालत असेल तर बटाट्याच्या जाड ऑम्लेटचा तुकडा एक-दोन पावांसह एका वेळचे जेवण होतो. आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’ घ्यावा. त्यात दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी फळ किंवा गोड मिळून १२ ते १५ युरोंत भागते. संध्याकाळी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात स्वतः रांधले की दिवसाचा खर्च आवाक्यात राहतो. दुपारचे जेवण दोननंतर आणि रात्रीचे नऊनंतर मिळते, तसेच मोठी किराणा दुकाने रविवारी बहुधा बंद असतात, म्हणून शनिवारीच सामान भरून ठेवावे. नळाचे पाणी पिण्यास योग्य असते. बाटल्या विकत घेऊ नयेत.

प्रश्न : माझी मावशी लिस्बनला असते. तिच्याकडे उतरून पुढे स्पेनला गेले तर स्वस्त पडेल का? व्हिसा कोणत्या देशाचा घ्यावा?
– वाचक, वास्को

उत्तर : राहण्याचे पैसे वाचत असतील तर हा मार्ग उत्तम आहे. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री काढणार, त्या देशाकडे शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी) अर्ज करायचा असतो. रात्री सारख्याच असतील तर ज्या देशात प्रथम उतराल त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करता येतो, पण मेच्या गर्दीसाठी दोन-तीन महिने आधीच हालचाल करावी. प्रौढांना ९० युरो शुल्क पडते, सेवाशुल्क वेगळे, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मावशीकडे आणि हॉस्टेलमध्ये काढायच्या रात्रींची बेरीज अर्जातील तारखांशी तंतोतंत जुळली पाहिजे.

लिस्बनहून सेव्हिलला थेट रेल्वे नाही. बसने सहा-सात तास लागतात आणि सेव्हिलहून कोर्दोबा बसने दोन तासांवर, तर वेगवान रेल्वेने पाऊण तासावर आहे. पोर्तुगालचे घड्याळ स्पेनच्या एक तास मागे असते. सेव्हिलहून पुढची गाडी त्याच दिवशी धरणार असाल, तर हा तास हिशेबात घेतल्याशिवाय तिकीट काढू नये.

प्रश्न : गोव्याच्या इतिहासाशी कोर्दोबाचा काही धागा जुळतो का?
– वाचक, पणजी

उत्तर : जुळतो, आणि तो मेस्कितेपासून थोड्याच अंतरावर आहे. आल्कासार या किल्लेवजा राजवाड्यात १४८२ नंतर इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मद्रोहाचा आरोप असलेल्यांची चौकशी करणारे चर्चचे न्यायालय भरत असे. तीच संस्था पोर्तुगालमार्गे १५६० मध्ये गोव्यात आली आणि मधला अल्प काळ सोडल्यास १८१२ पर्यंत टिकली. राजवाड्याची बाग रम्य आहे, तरी हे माहीत असलेला माणूस तिथे जरा सावकाशच चालतो. राजवाड्याला लागूनच राजा दुसरा फिलिप याने १५७० मध्ये उभारलेल्या घोड्यांच्या पागा आहेत. पुढे १५८० मध्ये पोर्तुगालचे राज्यही याच फिलिपकडे आले, आणि १६४० पर्यंत गोव्याचा कारभार त्याच्या व त्याच्या वंशजांच्या नावाने चालला.

प्रश्न : मदिना अझाहारा पाहायला अर्धा दिवस घालवणे योग्य ठरेल का?
– वाचक, पेडणे

उत्तर : चार रात्रींचा मुक्काम असेल तर नक्कीच. शहराच्या पश्चिमेला आठ किलोमीटरवर खलीफा अब्द अल्-रहमान तिसरा याने ९३६ च्या सुमारास वसवलेली ही राजनगरी पाऊणशे वर्षांतच यादवीत उद्ध्वस्त झाली. २०१८ मध्ये ती युनेस्कोच्या यादीत आली. प्रवेशशुल्क नाममात्र आहे आणि युरोपीय संघाच्या नागरिकांना तेही नाही, त्यामुळे घरात कोणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्यांनी तो दाखवावा. संग्रहालयापासून वर अवशेषांपर्यंत नेणाऱ्या बसचे तिकीट वेगळे असते. सोमवारी बंद असते. सकाळच्या पहिल्या बसने वर जावे आणि पाणी भरपूर घ्यावे, कारण डोंगरउतारावरच्या त्या अवशेषांत सावली फारशी नाही.