वाचकांचे प्रश्न : चाल गोड, तरी गाणे जुने का वाटते?

प्रश्न : हार्मोनियमवर स्वतःची गाणी रचण्याचा मला छंद आहे. अलीकडे एका विरहगीताला रूपक तालात चाल लावली आणि एका तरुण संगीत संयोजकाकडून त्याखाली ड्रम, बेस गिटार आणि सिंथेसायझर भरून घेतले. तरीही ऐकणारा प्रत्येक जण म्हणतो की चाल गोड आहे, पण गाणे फार जुन्या काळातले वाटते. सुरुवातीच्या ओळी अशा आहेत :

सांजवेळी मी तुझी रे वाट पाहे
पापणीला आसवांची धार वाहे
दूर देशी साजणा तू का निघाला
एकटी मी दीप हाती घेत आहे

सोबत ध्वनिमुद्रण पाठवले आहे. गाणे आजचे वाटावे म्हणून मी नेमके काय बदलावे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या ओळी छंदाच्या दृष्टीने निर्दोष आहेत. ‘गालगागा’ (गा म्हणजे दोन मात्रांचे गुरू अक्षर, ल म्हणजे एका मात्रेचे लघू अक्षर) हा ७ मात्रांचा गट प्रत्येक ओळीत तीनदा येतो, म्हणजे ओळीला २१ मात्रा होतात, आणि रूपकाच्या सात मात्रांच्या एका आवर्तनात एक गट नेमका बसतो. आपली अडचण या चोखपणातूनच निर्माण झाली आहे. वाद्ये बदलून ती सुटणार नाही हे आपण अनुभवलेच आहे. वाद्यांवरून गाण्याचे वय ठरत नाही याचा सर्वांना माहीत असलेला दाखला म्हणजे ‘सैराट’ (२०१६). त्या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित केला, त्याच चित्रपटात गावच्या वरातीत नाचायला लावणारा ठेकाही आहे, आणि श्रोत्यांना दोन्ही सारखेच आजचे वाटले.

आता आपले ध्वनिमुद्रण शब्दांकडे लक्ष ठेवून पुन्हा ऐका. मात्रा मोजताना ‘घर’ या शब्दाला आपण दोन लघू अक्षरे धरतो, परंतु बोलताना शेवटचा ‘अ’ गळतो आणि तोंडातून ‘घर्’ असा एकच तुकडा बाहेर पडतो. ‘गरम’ लिहिताना तीन अक्षरी असला तरी बोलताना ‘ग-रम्’ असे दोनच तुकडे होतात, आणि ‘बघतेय’ या चार अक्षरांचेही ‘बघ्-तेय्’ असे दोनच होतात. शब्दाच्या मधला ‘अ’ही असाच गळतो; ‘पापणी’ आपण ‘पाप्णी’ अशी उच्चारतो, ‘एकटी’ ‘एक्टी’ अशी. नाट्यपदापासून भावगीतापर्यंतच्या गायकीत हा गळालेला ‘अ’ पुन्हा जागा करून त्याला स्वतंत्र स्वर देण्याची रीत आहे आणि त्या गायकीचे सौंदर्य पुष्कळसे त्यात आहे. आपल्या चार ओळींत एकंदर १२ गट आहेत. त्यांतील ‘मी तुझी रे’ आणि ‘का निघाला’ हे दोन सोडले, तर उरलेल्या दहाही गटांत दुसऱ्या जागेचे लघू अक्षर बोलताना न उच्चारल्या जाणाऱ्या ‘अ’वर उभे आहे : सां-ज-वेळी, वा-ट-पाहे, पा-प-णीला, आ-स-वांची, धा-र-वाहे. आपण यातील प्रत्येक अक्षराला निराळा स्वर दिला आहे. त्यामुळे खाली ड्रम वाजत असले तरी वर ऐकू येणारी मराठी आज कोणी बोलत नाही अशी आहे, आणि श्रोत्याचा कान ते पहिल्या दोन शब्दांतच ओळखतो.

म्हणून पहिला बदल कामाच्या क्रमात करावा असे मी सुचवेन. सध्या आपण मात्रांचा साचा ठरवता, त्यात शब्द बसवता आणि मग चाल लावता. त्याऐवजी मिनिटाला साधारण ९० ठोके पडतील अशा वेगात टाळी द्या, ओळ कोणाला तरी खरोखरच सांगत आहात अशा रीतीने बोला आणि ती फोनवर मुद्रित करून घ्या. कोणत्या तुकड्यावर आवाज किंचित वर जातो, कोठे आपण थांबता, कोणते शब्द घाईने एकत्र येतात, हे त्या मुद्रणातून कळेल, आणि चालीचा कच्चा आराखडा बहुधा तेथेच सापडेल. हे काही शहाण्या तरुणांनी नव्याने शोधून काढलेले तंत्र नाही. जात्यावरच्या ओव्यांत बायका हेच करीत आल्या आहेत, आणि त्या ओव्या आपल्या पुष्कळ छापील गीतांपेक्षा आजही ताज्या वाटतात.

दुसरा बदल शब्दांचा. ‘पाहे’, ‘साजणा’, ‘दूर देशी’, ‘दीप’ आणि ‘आसवांची धार’ यांपैकी एकही गोष्ट आपल्या स्वतःच्या संध्याकाळी घडलेली नाही. ती सगळी गीतांच्या सामाईक कोठारातून आली आहे. नायिकेच्या हातात दीप असल्याने तिचे दुःख श्रोत्याला पूर्वीच ठाऊक होते, म्हणून त्याला ते नव्याने जाणवत नाही. आपली परिस्थिती तीच ठेवून मी काही ओळी लिहून पाहिल्या :

चहा दोनदा गरम केला,
तुझा फोन लागत नाही.
दार नुसतं लोटलंय,
कडी लावली नाही.
ये ना, उशीर झाला तरी ये.

याहून सरस ओळी आपण लिहाल याची मला खात्री आहे. येथे पाहण्यासारखे इतकेच, की दुःखाचे नाव कोठेही आलेले नाही. ते चहाने आणि कडीने सांगितले आहे. ओळी कमीअधिक लांबीच्या आहेत, त्यामुळे प्रत्येक ओळ एकाच ठोक्यावर संपत नाही आणि मध्ये शांततेला जागा मिळते. यमक आहे, परंतु ते ‘लागत नाही’ आणि ‘लावली नाही’ यांच्या साध्या बोलण्यातून आले असल्यामुळे मुद्दाम जुळवल्यासारखे वाटत नाही. ‘नुसतं लोटलंय’ असे बोली रूप वापरल्यावर मग इतरत्र ‘लोटले आहे’ किंवा ‘तुजला’ चालणार नाही, कारण एकाच गाण्यात दोन काळांची मराठी आली की श्रोता गोंधळतो. ध्वनिमुद्रणे तपासताना मला हा दोष सर्वांत अधिक आढळतो, आणि तो बहुधा एखादी मात्रा कमी पडली म्हणून घुसवलेल्या ‘मज’ किंवा ‘तव’मुळे येतो.

तिसरी गोष्ट गाण्याच्या बांधणीची आहे. ध्रुवपद, त्यानंतर वाद्यांचा तुकडा, मग अंतरा, पुन्हा ध्रुवपद, आणि सगळे अंतरे बहुधा एकाच चालीत, ही भावगीताची घडण ज्या काळात रुळली त्या काळी ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत असत. तेवढ्या जागेत कवितेची तीन कडवी बसवायची असल्यामुळे ती बांधणी योग्यच होती. आजच्या गाण्यात कडवे आणि ध्रुवपद यांच्यातील फरक हाच मुख्य आकर्षणाचा भाग असतो. कडवे खालच्या पट्टीत, तीन-चार स्वरांच्या आत, जवळजवळ बोलल्यासारखे ठेवतात. त्यानंतर चाल हळूहळू चढवणारी एक-दोन ओळींची जोडणी येते, आणि ध्रुवपदात स्वर उंच जातात, लांबतात, शब्द मात्र कमी होतात. पुढे एकदाच एक निराळा तुकडा येतो, ज्यात नायिका आतापर्यंत न बोललेली गोष्ट बोलते. आपल्या चालीत पहिली ओळच पंचमावर (‘प’वर) सुरू होऊन तार षड्जाला (वरच्या ‘सा’ला) स्पर्श करते, त्यामुळे पुढे चढायला जागाच उरत नाही. पहिल्या चार ओळी मध्य षड्जाच्या आसपास ठेवा आणि उंच स्वर ‘ये ना’साठी राखून ठेवा. ध्रुवपदाची ओळ गाण्यात चार-पाच वेळा येणार असल्यामुळे ती अशी हवी की प्रत्येक वेळी तिचा अर्थ थोडा बदलेल. पहिल्यांदा ‘ये ना’ ही विनंती असेल, शेवटी तो रागही असू शकेल.

आपल्या गाण्यातील ४० सेकंदांच्या प्रारंभिक वाद्यसंगीताविषयी एक व्यावहारिक सूचना. स्पॉटिफायसारख्या सेवेवर गाणे किमान ३० सेकंद ऐकले गेले तरच ते ऐकल्याची नोंद होते, म्हणजे आपला आवाज येण्यापूर्वीच तो निर्णय लागलेला असतो. केवळ त्यासाठी ध्रुवपद पहिल्या सेकंदाला आणून ठेवणे मला आवडत नाही, पण ४० सेकंदांचे १० करण्यात आपले काही जाणार नाही.

शेवटचा मुद्दा स्वरांच्या पाठबळाचा. हार्मोनियमवर रचलेली चाल एकेरी असते आणि तिचा सगळा अर्थ एका स्थिर षड्जाशी जोडलेला असतो. संयोजकाने नंतर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गुच्छ, भरल्या तरी त्या चालीमागून चालत राहतात. एकदा उलट करून पाहा. पांढरी एकच्या पट्टीत, म्हणजे सी हा स्वर षड्ज धरून, सी मेजर, ए मायनर, एफ मेजर आणि जी मेजर या चार कॉर्ड प्रत्येकी चार ठोके, अशा संथपणे फिरत ठेवा आणि त्यावर नुसता षड्ज धरून ‘ये’ म्हणा. तोच षड्ज पहिल्या कॉर्डवर घरी आल्यासारखा स्थिर वाटतो, ए मायनरवर तो तिचा तिसरा स्वर होतो आणि उदास भासतो, एफवर पाचवा होऊन मोकळा होतो, आणि जीवर तो त्या कॉर्डमध्ये नसल्यामुळे ताण निर्माण होतो. स्वर न हलवता भाव हलतो, हे एकदा कानाला कळले की प्रत्येक शब्दावर मुरकी, म्हणजे स्वरांचे झटपट वळण, घेण्याची गरज आपोआप कमी होते. आपला गळा तयार आहे हे ऐकू येते. तो प्रत्येक ओळीत सिद्ध करावा लागत नाही.

हे सगळे करूनही आपल्याला जुनी चालच अधिक आवडली, तर ती तशीच ठेवावी आणि तिच्याखालचे ड्रम काढून तेथे तबला ठेवावा. उत्तम भावगीताला आजही श्रोता आहे. अर्धवट नटवलेल्या भावगीताला मात्र तो मिळत नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात आहे आणि मित्रांच्या बँडसाठी गाणी लिहितो. मित्रांचे म्हणणे असे की गाण्यात ‘व्हाइब’, ‘ब्रेकअप’, ‘चिल’ असे शब्द आणले तरच ते तरुणांना आपले वाटेल. हे कितपत खरे आहे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : जो शब्द आपण विचार न करता वापरतो तो चालेल, मग तो कोणत्याही भाषेतून आलेला असो. ‘फोन’, ‘चार्जर’, ‘लोकल’, ‘टेरेस’ हे आता मराठी घरातलेच शब्द आहेत. परंतु केवळ तरुणपण दाखवण्यासाठी आणलेला शब्द सर्वांत लवकर शिळा होतो, कारण अशा शब्दांची फॅशन दर दोन-तीन वर्षांनी बदलते आणि गाणे मात्र मागे राहते. आपण नागपूरचे आहात, तर माझा सल्ला असा की आधी घरची वऱ्हाडी वापरून पाहावी. तिच्यातील क्रियापदांची आखूड रूपे आणि वाक्याचा हेलकावा ठेक्यावर सहज बसतो, विशेषतः रॅपमध्ये, आणि पुण्यामुंबईच्या श्रोत्यालाही तो परका वाटत नाही. अट एवढीच, की ती विनोदासाठी वापरू नये. बोली आली की श्रोत्याने हसलेच पाहिजे ही सवय आपल्या रंगभूमीने आणि चित्रपटांनी लावली आहे, आणि ती मोडण्याचे काम गाण्याने करायला हरकत नाही.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. लॅपटॉपवर आधी ठेका आणि चाल तयार करतो, त्यावर निरर्थक इंग्रजीसारखे उच्चार गुणगुणतो आणि शेवटी मराठी शब्द बसवतो. चाल आधुनिक वाटते, पण शब्द आले की ती अडखळते. असे का होते?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : चालीवर शब्द लिहिणे ही आपल्याकडील चित्रपटसंगीताची नित्याची पद्धत आहे, तेव्हा पद्धतीत चूक नाही. अडचण त्या गुणगुणण्यात आहे. इंग्रजीत पुष्कळ ओळी एका ठसठशीत एकाक्षरी शब्दावर संपतात, म्हणून आपली चालही प्रत्येक ओळीच्या शेवटी एका जोरदार ठोक्यावर थांबत असणार. मराठी वाक्य साधारणपणे क्रियापदावर संपते, आणि ‘आहे’, ‘नाही’, ‘होतं’, ‘गेलो’ ही रूपे दोन तुकड्यांची असून त्यांचा दुसरा तुकडा बोलताना सैल पडतो. तो जोरदार ठोक्यावर आला की ‘ना-हीऽ’ असा विचित्र आघात ऐकू येतो. तो टाळण्यासाठी कवी शब्दक्रम उलटतात आणि ‘नाही मी गेलो तिथे’ असे काहीतरी लिहून बसतात, ज्यामुळे आधुनिक चालीवर पुन्हा जुनी कविता येते.

यावर दोन उपाय आहेत. गुणगुणताना निरर्थक उच्चारांऐवजी कामचलाऊ का होईना, पण मराठी वाक्ये वापरावीत. ‘दूध आणायचं राहिलं’ हेही चालेल, कारण त्यात मराठीचा आघात असतो. आणि ओळ जेथे जोरात थांबते तेथे ‘ना’, ‘गं’, ‘रे’, ‘तर’, ‘की’ यांसारखा एका तुकड्याचा शब्द ठेवून पाहावा. आपण बोलतानाही वाक्याला शेवटचा ठोका असाच देतो : ‘सांग ना’, ‘जाऊ दे रे’, ‘आलो तर’. लांबवायच्या स्वराखाली शक्यतो आ, ए किंवा ओ येईल असे पाहावे. ‘ठीक’ किंवा ‘बंद’ यांसारखा व्यंजनाने मिटणारा शब्द तेथे आला, तर गायकाला एकतर तो लगेच संपवावा लागतो किंवा मिरजेच्या वाचक ज्या ‘अ’मुळे अडचणीत आल्या तोच शेवटी जोडावा लागतो. सध्याच्या गाण्याची चाल बदलण्यापूर्वी ओळींच्या शेवटचे शब्द तेवढे या रीतीने बदलून पाहा आणि दोन्ही मुद्रणे महाराष्ट्रातील एखाद्या मित्राला शब्द न दाखवता ऐकवा. पहिल्याच ऐकण्यात त्याला कोणत्या मुद्रणातील शब्द कळले, ते त्याच्याकडून लिहून घ्या.