नैवेद्याचे ताट आणि गोण्यांची वही

नागपूरजवळच्या वाडी येथील एका ट्रान्सपोर्ट गोदामात हिशेब पाहणाऱ्या ३८ वर्षांच्या वाचकाचे पत्र आले आहे. पत्र सात पानांचे असल्यामुळे त्याचा सारांश देते. त्यांचे घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. ते स्वतः मात्र, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, नाताळ आणि लग्नापुरते ख्रिस्ती होते. दोन वर्षांपूर्वी ते खऱ्या अर्थाने विश्वासात आले आणि तेव्हापासून प्रत्येक गोष्ट बायबलच्या वचनाप्रमाणे करण्याचा त्यांचा प्रयत्न आहे. यंदा शेजारच्या काकूंनी महालक्ष्मीच्या जेवणाचे बोलावणे केले, तेव्हा त्यांनी काकूंच्या मुलाच्या मोबाइलवर मूर्तिपूजेविरुद्धचे एक वचन पाठवले आणि ते गेले नाहीत. महिना उलटला तरी काकू बोलत नाहीत. दसऱ्याला गोदामात गाड्यांची पूजा होते, त्या वेळी मालक त्यांच्या हाती आरतीचे ताट देतात; त्याचे काय करावे, असे ते विचारतात. दशांश, म्हणजे मंडळीला द्यायचा कमाईचा दहावा भाग, पूर्ण पगारावर काढावा की हाती येणाऱ्या रकमेवर, हा त्यांचा तिसरा प्रश्न आहे. पत्नी मात्र दिवसेंदिवस तुटक वागते, असेही त्यांनी लिहिले आहे.

प्रिय भाऊ, सलाम.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा वाचताना कोणत्या गोष्टीला तुम्ही किती जागा दिली आहे ते मोजले. महालक्ष्मीच्या जेवणाला तीन पाने, आरतीच्या ताटाला दीड पान, दशांशाला एक पान. उरलेल्या दीड पानात तुमची साक्ष, पत्नी, आजारी वडील आणि सहाव्या पानाच्या तळाशी एक वाक्य, जे तुम्ही जवळजवळ कंसात टाकल्यासारखे लिहिले आहे: “कामावर वहीत थोडे कमीजास्त लिहावे लागते, पण ते मालकाचे आहे.” त्या वाक्याकडे मी येणारच आहे. पण तुम्ही जे विचारले त्याचे उत्तर आधी द्यायला हवे.

नैवेद्य दाखवलेले अन्न खावे की नाही, हा प्रश्न तुमच्यापूर्वी करिंथ शहरातील पहिल्या ख्रिस्ती मंडळीला पडला होता, आणि प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याला बरीच जागा दिली आहे. त्याचे उत्तर सरळ ‘हो’ किंवा सरळ ‘नाही’ असे नाही. जगात मूर्ती काहीच नव्हे, असे तो आठव्या अध्यायात मान्य करतो. मात्र ज्याचा विवेक दुर्बळ आहे अशा भावाला आपल्या खाण्याने ठेच लागू नये, असेही लगेच बजावतो. दहाव्या अध्यायात तो म्हणतो, की विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले आणि तुमची जाण्याची इच्छा असेल, तर पुढे वाढलेले खा, खोदून विचारत बसू नका. पण हे अर्पण केलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याकरिता खाऊ नका. महालक्ष्मीचे जेवण हे उघडच नैवेद्याचे जेवण असते, तेथे विचारण्यासारखे काही उरत नाही. तेव्हा तुमचा विवेक त्या पंगतीला बसू देत नसेल, तर न बसण्यात तुमची चूक झाली असे मी म्हणणार नाही. आपल्याकडील काही ख्रिस्ती घरांत अशा पंगतीला जातात, काही घरांत जात नाहीत. याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. बाप्तिस्मा कोणत्या वयात द्यावा यावर ज्यांचे एकमत नव्हते, त्यांनीही एका छताखाली राहायचे ठरवले. पंगतीवरून मतभेद असणारे दोन विश्वासणारे एका बाकावर बसू शकतात.

माझी हरकत तुमच्या न जाण्याला नाही, तुमच्या कळवण्याला आहे. तुम्हीच लिहिता, की मुलगी सहा महिन्यांची असताना पत्नीची नोकरी सुरू झाली आणि दोन वर्षे याच काकूंनी तिला सांभाळले, एक रुपया न घेता. त्या बाईने सोळा भाज्यांची जुळवाजुळव केली, आंबील शिजवली, पुरण वाटले, स्वतः दारात येऊन बोलावले. आणि तिला उत्तर म्हणून मुलाच्या मोबाइलवर वचन गेले, तेही मूर्तिपूजकांना धिक्कारणारे. वचन खरे असेल, भाऊ, पण ते तुम्ही दाराला लावायच्या कडीसारखे वापरले.

माझी आजी कामठीला राहत होती. शेजारी महालक्ष्म्या बसायच्या. आजी पंगतीला बसत नसे, आणि ते शेजारणीला पहिल्याच वर्षी तिने समोर बसून, हात हातात घेऊन सांगितले होते. पण आदल्या दिवशी दुपारी ती विळी घेऊन त्यांच्या घरी हजर असायची आणि भाज्या निवडून, चिरून द्यायची. नाताळच्या आधी त्याच शेजारीणबाई आमच्याकडे करंज्या लाटायला यायच्या. दोघींपैकी कोणी कोणाला आपल्या धर्मात ओढले नाही आणि कोणी आपला धर्म सोडलाही नाही. (आजीच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाला तिचे ते भाजी चिरणेसुद्धा पटत नव्हते. आजीने त्यांनाही एकदा करंज्या नेऊन दिल्या.)

काकूंकडे स्वतः जा. पत्नीला आणि मुलीला बरोबर न्या. मोबाइलवर जे पाठवले त्याबद्दल क्षमा मागा, आणि ती मागताना “पण माझ्या श्रद्धेप्रमाणे” असे शेपूट जोडू नका. श्रद्धेचे बोलणे वेगळ्या दिवशी होऊ शकते. पुढच्या वर्षी बोलावण्याची वाट न पाहता आधीच सांगा, की पंगतीला बसणार नाही, पण बाजारातून भाजी मी आणून देईन.

दसऱ्याच्या ताटाबद्दल थोडक्यात लिहिते. बायबलमधील राजे दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात नामान सेनापतीची गोष्ट आहे. कोड बरे झाल्यावर तो इस्राएलाच्या देवाला मानू लागतो, पण परत जाताना अलीशा संदेष्ट्याला विचारतो, की माझा राजा रिम्मोन दैवताच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून नमन करतो आणि मलाही वाकावे लागते, त्याची क्षमा होईल ना? अलीशा ना परवानगी देतो, ना मनाई करतो. “शांतीने जा” एवढेच म्हणतो. तुम्ही नोकरीत आहात, गाड्या मालकाच्या आहेत. पूजेच्या वेळी उभे राहणे म्हणजे पूजा करणे नव्हे. ताट हाती घेणे तुम्हाला जड जात असेल, तर दसऱ्याच्या आठवडाभर आधी मालकांना एकांतात सांगा आणि त्या दिवशी पाहुण्यांच्या चहापाण्याची जबाबदारी मागून घ्या. ऐन आरतीच्या वेळी चारचौघांत हात मागे घेऊ नका. आणि सोने वाटायला कोणी आले, तर आपट्याचे पान घेऊन त्याला मिठी मारायला काय हरकत आहे?

आता ते कंसातले वाक्य. तुमच्या वाक्यातून मला पूर्ण अर्थ लागत नव्हता म्हणून मी तुम्हाला उलट पत्र लिहून विचारले, आणि तुम्ही प्रामाणिकपणे उत्तर दिले, त्याबद्दल तुमचे मोल माझ्या मनात वाढले. गाडीतून ६०० गोण्या उतरल्या, तर वहीत ४५० लिहायच्या. उरलेल्या १५० गोण्यांची हमाली हमालांच्या टोळीच्या मुकादमाकडे रोख, ठरल्या दरापेक्षा कमी दराने द्यायची. वहीवर सही तुमची. आणि हे तोंड बंद ठेवून करण्याबद्दल महिन्याला २,००० रुपयांचे पाकीट.

हे मालकाचे आहे, असे तुम्ही म्हणता. मालकाचे आहेच, पण अक्षर तुमचे आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत हमालांची मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (मजुरीच्या प्रमाणात आकारलेली जादा रक्कम) मालकाने माथाडी मंडळात भरायची असते, आणि त्या लेव्हीतून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), रजेचा पगार यांची तरतूद होते. वहीत न लिहिलेली प्रत्येक गोणी ज्या पाठीने वाहिली, त्या पाठीच्या म्हातारपणातून काही पैसे वजा होतात. तुम्हाला हे माझ्यापेक्षा अधिक चांगले माहीत आहे, कारण आकडेमोड तुम्ही करता. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात कामकऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ते ओरडणे सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेले आहे, असे लिहिले आहे. दोन वर्षांत तुम्ही ते वाचले नसेल, असे मला वाटत नाही.

मी तुम्हाला टोचून बोलण्यासाठी हे लिहीत नाही. नैवेद्याचे ताट नाकारले तर शेजारीण रुसते. वही नाकारली तर नोकरी जाऊ शकते, आणि तुमच्यावर घराचा हप्ता व वडिलांचे औषधपाणी आहे. ज्याची किंमत कमी पडते तेथे आपण कडक होतो आणि ज्याची किंमत जबर आहे तेथे डोळा चुकवतो. प्रभू येशूने धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या परूश्यांना चिलट गाळून उंट गिळणारे म्हटले, तेव्हा त्यांची चिलट गाळण्याची सवय वाईट आहे असे तो म्हणाला नव्हता. ती करत असताना न्याय, दया आणि विश्वास राहून गेले, ही त्याची तक्रार होती.

म्हणून उद्याच राजीनामा देऊ नका. आधी पत्नीला सगळे सांगा, पाकिटासकट. ते तिला माहीत नाही असे तुमच्या पत्रावरून दिसते. नंतर तुमच्या मंडळीच्या पाळकांशी (पास्टरांशी) बोला. वाडी, हिंगणा, बुटीबोरी या पट्ट्यात गोदामांचा हिशेब जाणणाऱ्या माणसाला काम मिळत नाही असे नाही. शांतपणे चौकशी सुरू करा आणि शक्य तर तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला एकदा भेटा, कारण सही तुमची असल्यामुळे उद्या चौकशी झाली तर उत्तर तुम्हालाही द्यावे लागेल. एवढी तयारी करा, पण तिला मुदत घाला, नाहीतर तयारीतच वर्ष जाते. माझ्या मते महिनाअखेर पुरेशी आहे. त्या दिवशी मालकांना इतकेच सांगा, की यापुढे जितक्या गोण्या उतरतील तितक्याच मी लिहीन, आणि पाकीट घेणार नाही. वचन ऐकवू नका, नरकाचे भय दाखवू नका, मालकांच्या पापाचा उल्लेखही करू नका. होय तर होय, नाही तर नाही, एवढेच बोलणे तेथे पुरेसे आहे. मालक कदाचित चिडतील, कदाचित तुम्हाला दुसऱ्या टेबलावर बसवून वही आणखी कोणाच्या हाती देतील. तसे झाले तर हमालांचा प्रश्न सुटला असे समजू नका, पण तो पुढे कसा न्यायचा हे तुम्ही एकट्याने ठरवण्याची गरज नाही. त्यांची युनियन आहे.

आपल्या शहरात १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप धर्मोपदेशक होते, शाळा चालवत होते, आणि नागपूर परिसरातील दगड व जीवाश्म गोळा करून त्यांच्या काटेकोर नोंदीही ठेवत होते. त्यांच्या नावाचे महाविद्यालय तुम्ही रोज पाहत असाल. उपदेश हे देवाचे काम आणि नोंदी हे पोटाचे, अशी वाटणी त्यांनी केली असेल असे मला वाटत नाही.

दशांशाचा प्रश्न आता सोपा होतो. पूर्ण पगारावर द्यावा की हाती येणाऱ्या रकमेवर, याबद्दल मंडळ्यांत वेगवेगळी रीत आहे. पती-पत्नींनी मिळून ठरवा आणि ठरवलेले आनंदाने द्या. मात्र तुम्ही त्या २,००० रुपयांचाही दशांश काढता, म्हणजे महिन्याला २०० रुपये दानपेटीत टाकता, असे लिहिले आहे. ते थांबवा. वेदीजवळ अर्पण ठेवताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट कर, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. येथे भाऊ टोळीतले आहेत. जक्कया या जकातदाराने लबाडीने घेतलेले चौपट परत देण्याचे कबूल केले होते; तुमच्याकडून चौपट होणार नाही, पण दोन वर्षांच्या पाकिटांचे ४८,००० रुपये होतात, आणि ते हप्त्याहप्त्याने हमालांच्या मुलांच्या वह्यापुस्तकांकडे किंवा दवाखान्याकडे कसे वळवता येतील, हे पाळकांबरोबर बसून ठरवता येईल. पावती किंवा सत्कार नको.

राहिली पत्नी. ती तुटक वागते असे तुम्ही लिहिता, आणि तिचे एक वाक्य तक्रार म्हणून उतरवता: “तुमचा प्रभू तुम्हाला शुक्रवारी दवाखान्यात भेटत नाही का?” मंगळवारी आणि शुक्रवारी वडिलांचे डायलिसिस असते. तुमची साप्ताहिक सुट्टीही शुक्रवारीच असते, पण त्या दिवशी उपवास-प्रार्थना असल्यामुळे दोन्ही दिवस तीच त्यांना ऑटोने नेते, अर्धी रजा टाकून. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू अशा लोकांवर रागावतो, जे आईवडिलांना द्यायचे ते देवाला अर्पण केले असे सांगून मोकळे होतात. तुमच्या पत्नीने तो अध्याय वाचला आहे की नाही हे मला माहीत नाही, पण तिचा प्रश्न त्यातूनच आल्यासारखा आहे.

या शुक्रवारी वडिलांना तुम्ही न्या. पाळकांना कळवा, ते नाही म्हणणार नाहीत. मशीन लागल्यावर साधारण चार तास खुर्चीजवळ बसून राहायचे असते. उपवास करायचा असेल तर तोही तेथे करता येईल, फक्त वडिलांचा डबा विसरू नका, आणि त्यांना पाणी किती द्यायचे ते निघण्यापूर्वी पत्नीला विचारून घ्या.