वर्तन विश्लेषण आणि वर्तन प्रशिक्षण स्वतः शिकायचे असल्यास कोणती पुस्तके वाचावीत?

सुरुवात कॅरन प्रायर यांच्या ‘डोन्ट शूट द डॉग!’ (१९८४) या पुस्तकाने करावी आणि ते पचल्यावरच कूपर, हेरॉन व ह्युअर्ड यांच्या ‘अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस’ या जाडजूड पाठ्यपुस्तकाकडे वळावे. प्रायर या मुळात हवाई बेटांवरील डॉल्फिन-प्रशिक्षक होत्या. ज्या प्राण्याला गळपट्टा घालता येत नाही आणि जो धाक दाखवताच सरळ पोहून दूर जातो, त्याला शिकवताना बक्षिसाची नेमकी वेळ साधावीच लागते, आणि हेच तंत्र प्रायर या पुस्तकात घरातील माणसांनाही लावून दाखवतात. नको असलेले वर्तन थांबवण्याच्या त्यांनी सांगितलेल्या आठ पद्धतींपैकी पहिली चक्क ‘प्राण्यालाच गोळी घाला’ ही आहे. ती हमखास लागू पडते, फक्त शिकवत काहीच नाही. पाठ्यपुस्तकाचा खरा उपयोग संज्ञा पक्क्या होण्यासाठी होतो. उदाहरणार्थ, सीटबेल्ट लावताच गाडीतील पिंपिं थांबते म्हणून तो लावण्याची सवय वाढते, याला ऋण प्रबलन म्हणतात. बहुतेक जण त्यालाच शिक्षा समजतात. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे ‘सायन्स अँड ह्यूमन बिहेवियर’ (१९५३) मूळ विचारांसाठी सावकाश वाचावे. मात्र स्वमग्न मुलासाठी किंवा चावऱ्या कुत्र्यासाठी हे शिकत असाल, तर केवळ वाचनावर विसंबून प्रयोग करू नयेत. प्रशिक्षित तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच ते करावेत.