जुन्या गेममधले धूसर टेक्स्चर शेडरने सुधारता येतात का?

भिंतीजवळ गेल्यावर टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवलेलं चित्र, धूसर दिसतं आणि ते रीशेडने (गेमच्या चित्रावर वरून इफेक्ट लावणारं साधन) सुधारेल का, असा प्रश्न आहे. थोडंफारच. रीशेड तयार झालेल्या चित्रावर काम करतं, मूळ टेक्स्चरला हात लावत नाही. शार्पनिंगने कडा उठून दिसतात, पण टेक्स्चरमध्ये नसलेला तपशील त्यातून येत नाही. जास्त केलंत तर कडांभोवती पांढरी किनार दिसते आणि अक्षरंही खरखरीत होतात.

गेमचे शेडर (पिक्सेलचा रंग ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) बदलता येत असतील, तर डीटेल टेक्स्चर वापरा. १९९८ च्या 'अनरिअल' या गेममध्ये हीच युक्ती होती. दगडाच्या किंवा लाकडाच्या कणांचं एक छोटं राखाडी टेक्स्चर घ्या, यूव्हीला (टेक्स्चर पृष्ठभागावर कुठे बसतं ते सांगणारे आकडे) ८-१० ने गुणून ते भिंतीवर दाट पसरवा आणि मूळ रंगाला त्याच्या दुपटीने गुणा. राखाडीची सरासरी ०.५ ठेवा, म्हणजे भिंतीचा एकूण उजेड बदलत नाही. अंतर वाढेल तसा परिणाम विरळ करा, नाहीतर लांबून फरशीसारखी नक्षी दिसते. माझ्या मते एवढ्या कमी खर्चात इतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

तिरकी जमीन धूसर असेल तर आधी ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरमध्ये अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग (तिरक्या पृष्ठभागावरचं टेक्स्चर स्पष्ट ठेवणारी सेटिंग) १६एक्स करा.