कूलरला कुबट वास येतोय. पाण्यात खायचा सोडा टाकला तर जाईल का?

नाही, चालू कूलरच्या पाण्यात सोडा टाकून वास जात नाही. टाकी रिकामी करून सोड्याने घासली तर बराचसा जातो. नागपूरच्या मे महिन्यात कूलर रात्रंदिवस चालतो, पाणी उडून जातं आणि क्षार मागे उरतात. सोडा टाकला की त्यात आणखी भर, आणि ते सगळं खसवर जमतं. घासायला मात्र सोडा उत्तम: तो सौम्य अल्कली आहे, आंबूस वास मारतो, आणि बारीक कणांमुळे शेवाळाचा बुळबुळीत थर ओरखडे न पाडता निघतो. आधी प्लग काढा, पाणी सोडून द्या, ओल्या फडक्यावर चमचाभर सोडा घेऊन कोपरे आणि पंपाची जाळी नीट घासा (वास तिथेच दडलेला असतो), धुवा, उन्हात खडखडीत वाळवा. पांढरे डाग सोड्याने हलणार नाहीत. त्यांना लिंबू किंवा व्हिनेगर लावा, पण सोड्यात मिसळून नको, दोन्ही एकमेकांना निकामी करतात. सोडा जंतुनाशक नाही, त्यामुळे खस काळी पडून कुजली असेल तर ती बदलाच.